ट्रॉल्या कुणाकडून करून घ्यायच्या? सोलापुरातला आमचा शोध

आमचा ओटा घर बांधलं तेव्हाचा, कडप्प्याचा. खाली कडप्प्याचेच उभे खण आणि त्यांना प्लायची दारं. दारं खालच्या कडेनं फुगून कधीच बाद झाली होती, आणि खणात मागं गेलेला डबा काढायला गुडघे टेकून अर्धं अंग आत घालावं लागायचं. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, त्यांचं खाली बसणं बंद झालं, आणि स्वयंपाकघर नव्यानं करायचं हे घरात पक्कं झालं. काय करायचं यावर फारसा वाद नव्हता. कुणाकडून करायचं, यात मात्र अख्खा उन्हाळा गेला. ती शोधाशोध इथं सविस्तर लिहितेय, कारण जुळे सोलापुरात, सैफुलकडं, होटगी रोडला रोज नवी घरं उभी राहतायत, आणि आयुष्यात एकदाच होणारं हे दोन-तीन लाखांचं काम लोक शोरूममधल्या दिव्यांच्या झगमगाटात अर्ध्या तासात ठरवून टाकतात. ज्या बाईला त्या ओट्यापाशी रोज उभं राहायचंय, तिला बऱ्याचदा फक्त लॅमिनेटचा रंग विचारला जातो. मला हे मनापासून खुपतं.

सोलापुरात हे काम करणारे साधारण चार तऱ्हेचे लोक भेटतात. मोठ्या कंपन्यांची शोरूम असतात. तिथं डिझाइन कॉम्प्युटरवर दाखवतात आणि तयार खोकी, म्हणजे कपाटांचे सांगाडे, कारखान्यातून येतात. दुसरे इथलेच वर्कशॉपवाले. त्यांच्याकडं पॅनल कापायचं आणि कडा चिकटवायचं मशिन असतं, माल शेडमध्ये तयार करून घरी आणून जोडतात. तिसरे निव्वळ ट्रॉलीवाले, म्हणजे ओटा आहे तसा ठेवून त्यात स्टीलच्या जाळ्या आणि त्या आतबाहेर सरकवणारे चॅनल बसवून देणारे. आणि चौथे आपले सुतार मिस्त्री. सामान तुम्ही आणायचं, ते घरात बसून काम करणार, मजुरी स्क्वेअर फुटावर. पुण्याहून किंवा हैदराबादहून करून घेणारेही नात्यात आहेत. पुणं अडीचशे किलोमीटर, हैदराबाद त्याहून लांब. माल तिथून यायला अडचण नाही. पण दोन वर्षांनी एखादं दार लोंबायला लागलं, तर तिथला माणूस सोलापुरात आणखी तीन-चार कामं साठल्याशिवाय गाडीत बसत नाही, हे माझ्या नणंदेच्या घरी बघितलेलं होतं. म्हणून ते नाव आम्ही पहिल्यांदाच बाजूला ठेवलं.

कोटेशन यायला लागली आणि डोकं चालेना. आमचं स्वयंपाकघर एल आकाराचं, एका भिंतीला दहा फूट, दुसरीला सात. एकानं रनिंग फुटाचा, म्हणजे ओट्याच्या लांबीचा, भाव सांगितला आणि सतरा फूट धरले. दुसऱ्यानं तोच भाव थोडा चढा सांगितला, पण कोपरा एकदाच मोजला आणि पंधरा फूट धरले. तिसऱ्याचा भाव स्क्वेअर फुटाचा होता, तो समोरून दिसणाऱ्या दारांच्या क्षेत्रफळाचा. चौथ्याचाही स्क्वेअर फुटाचा, पण त्यानं आतल्या फळ्या, बाजू, पाठ असं सगळं मिळून मोजलेलं. एकाच्या आकड्यात ग्रॅनाइट होता, एकाच्या नव्हता. जीएसटी अठरा टक्के. तो एकानं मिळवलेला, दोघांनी शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात ‘वेगळा’ म्हणून लिहिलेला. दीड लाखापासून पावणेतीन लाखापर्यंतचे हे आकडे शेजारी शेजारी ठेवून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

मग नवऱ्यानं ग्राफच्या कागदावर आमचा ओटा काढला. प्रत्येक खणाला नंबर दिला, रुंदी लिहिली, आणि समोर लिहिलं: या खणात काय ठेवायचंय, दार हवं की ट्रॉली, किती वजन पडणार. खाली वेगळे रकाने: खोक्याचा बोर्ड कोणता, किती मिलिमीटर, पाठीची फळी किती जाडीची, दाराला बाहेरून काय आणि आतून काय, बिजागरी कोणती, चॅनल कोणतं, जाळी कोणत्या स्टीलची, ग्रॅनाइट आहे की नाही, जुना ओटा फोडून राडारोडा टाकायचा कुणी, प्लंबर कुणाचा. हाच कागद सगळ्यांना दिला आणि म्हटलं, याच्यावर भाव भरून द्या. निम्म्या लोकांनी इथंच पाय मागं घेतला. “आमच्याकडं असं नसतं मॅडम, आमचं पॅकेज असतं.” राहिले ते तुलना करण्याजोगे राहिले. माझ्या मते सगळ्या शोधातलं सर्वांत उपयोगी काम या एका कागदानं केलं.

आता बोर्डाचं. ‘वॉटरप्रूफ आहे’ हे वाक्य सगळीकडं ऐकायला मिळतं आणि तेवढ्यावर भागत नाही. प्लायच्या प्रत्येक शीटवर आयएसआयचा शिक्का असतो आणि त्याबरोबर नंबर असतो. ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचं प्लाय. त्यातलं एमआर हे दमट हवेपुरतं, बैठकीच्या खोलीतल्या फर्निचरला ठीक. ७१० म्हणजे मरीन. त्याचा डिंक बहात्तर तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. बरेच जण ३०३ दाखवून ‘मरीनच आहे’ म्हणतात. कंपन्यांच्या तयार खोक्यांत बहुतेक वेळा प्लाय नसतंच. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ किंवा एचडीएचएमआर असतं, म्हणजे लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेले बोर्ड, आणि वरून लॅमिनेट लागलं की सगळे सारखेच देखणे दिसतात. ओळखायला एक सोपी जागा आहे. शोरूममध्ये दार उघडून फळी टेकवायच्या पिनांची रिकामी भोकं बघायची. त्यांच्या आत लॅमिनेट नसतं. मोबाइलचा दिवा मारला की भुसा दाबलेला दिसतो की लाकडाचे थर, ते कळतं.

मी प्रत्येकाकडून एकेक कटपीस मागून आणला. मागच्या अंगणात बादलीभर पाण्यात, मार्करनं खुणा करून, ते तुकडे सोडले आणि विसरल्यासारखं करून आठवडाभर राहू दिले. पार्टिकल बोर्ड कडेनं फुगला आणि बोटानं भुसा सुटायला लागला. एमडीएफची जाडी डोळ्यांना दिसेल इतकी वाढली. एचडीएचएमआर पुष्कळ बरा राहिला. ७१० चा तुकडा जवळपास होता तसाच. पण मरीन म्हणून दिलेल्या दुसऱ्या एका तुकड्याचे थर कोपऱ्यात उकलले होते. तो तुकडा देणाऱ्याचं नाव मी यादीतून काढलं. यावरून पार्टिकल बोर्ड टाकाऊच आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सगळ्या कडा मशिननं नीट बंद केल्या आणि पाण्यापासून लांब, वरच्या कपाटांत वापरला, तर तोही वर्षानुवर्षं राहतो. ओट्याखाली, आपल्या गावातल्या पाण्याच्या तऱ्हेत, मी तो घेणार नाही एवढंच.

पाण्याची तऱ्हा म्हणजे काय, ते सोलापूरकरांना सांगायला नको. पण डिझाइन करणाऱ्यांना सांगावं लागतं. उजनीवरून पाइपलाइननं येणारं, टाकळीहून येणारं, हिप्परग्याचं असं सगळं मिळूनही आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरलं जातं. पिण्याच्या पाण्याचं पिंप स्वयंपाकघरात, हंडा-कळशी ओट्यावर, नळीचं तोंड या भांड्यातून त्या भांड्यात. पहाटे अर्धवट झोपेत हे चालतं आणि थोडं पाणी सांडतंच. बाकीच्या दिवसांत वापरायला बोअरचं पाणी; ते इतकं क्षाराचं की सिंकला पांढरे डाग आणि नळाच्या जाळीत खडे. असल्या घरात ओट्याखालचं लाकूड जमिनीला टेकलं, की ते पाणी पिणारच.

एका चकचकीत शोरूममधल्या डिझायनर मुलीनं फार सुंदर चित्र काढलं होतं. मी विचारलं, पिंप कुठं ठेवायचं? ती म्हणाली, “वर टाकी असेल ना तुमच्या?” आहे. पण टाकीत बोअरचं पाणीही पडतं, पिण्याचं वेगळं भरावं लागतं. तिनं मनापासून प्रयत्न केला; बिचारीला तयार मापांच्या खोक्यांमध्येच सगळं बसवायचं होतं, आणि पिंपाच्या मापाचं खोकं त्यांच्या यादीत नव्हतं. वर्कशॉपवाल्यांनी तोच प्रश्न आम्ही विचारायच्या आधी विचारला. घरात आले, मोजपट्टी काढली नाही, आधी पिंप बघितलं आणि म्हणाले, “वहिनी, पाणी कुठून भरताय? नळी कुठून येते?” त्यांचं म्हणणं असं पडलं: सिंकखालचा खण लाकडाचा करूच नका. कडप्पा चांगला आहे, तो तसाच ठेवू, त्याला फक्त अॅल्युमिनियमच्या चौकटीचं दार लावू. बाकी खोकी चार इंची पीव्हीसी पायांवर उभी करू, खाली क्लिपनं निघणारी पट्टी लावू, म्हणजे पाणी सांडलं तर पट्टी काढून फरशी पुसता येईल. सिंकच्या शेजारी दीड फूट जागा रिकामी सोडू, पिंप तिथं. यात त्यांचंच बिल कमी होत होतं, एक अख्खं खोकं कमी झालं होतं. त्या दिवशी माझं मन त्यांच्याकडं झुकलं.

तरी नुसत्या बोलण्यावर ठरवायचं नव्हतं. मी सगळ्यांना एकच मागणी केली: चार-पाच वर्षांपूर्वी केलेलं काम दाखवा. मागच्या महिन्यातलं नको. नवीन किचन सगळ्यांचंच छान दिसतं. यातही माणसं कळली. कुणी मोबाइलवर फोटो दाखवले, कुणी ‘कस्टमरची प्रायव्हसी असते’ म्हणाले. ज्यांनी पत्ते दिले त्यांच्याकडं मी आणि सासूबाई रिक्षा करून गेलो. अनोळखी बायकांच्या स्वयंपाकघरात शिरायचा संकोच वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. सोलापुरात कुणी आपल्या ओट्याची चौकशी करायला आलं तर बाई आनंदानं सगळं उघडून दाखवते, वर चहा पाजते.

अशोक चौकाकडच्या एका घरात पद्मशाली अक्का होत्या. घरात माणसं पुष्कळ, सकाळपासून ओटा चालू. मी वरच्या कपाटांच्या दारांकडं बघत होते. अक्का म्हणाल्या, “वरचं काय बघायलाव, खाली बघा की.” आणि त्यांनी स्वतः सिंकशेजारचं दार उघडलं. मग मी शिकले कुठं बघायचं ते. भांडी घासताना जिथं पाणी उडतं, तिथल्या दारांची खालची कड. कडेला चिकटवलेली पट्टी नखानं सुटते का. सगळ्यांत जड ट्रॉली, म्हणजे कुकर आणि पातेल्यांची, पूर्ण बाहेर ओढल्यावर खाली झुकते का. बिजागरीचे स्क्रू एकदा निघून पुन्हा दुसऱ्या भोकात मारलेत का. गॅसच्या दोन्ही बाजूंच्या दारांचा रंग बाकीच्यांसारखाच आहे का. अक्कांकडं चार उन्हाळे काढलेल्या त्या दारांची कड शाबूत होती. एक चॅनल अडकायला लागलं होतं, त्याबद्दल विचारलं. “फोन केला, चार दिवसांनी आला. उशिरा आला, पण आला. पैसे घेतले नाहीत.” हे वर्कशॉपवाल्यांचंच काम होतं.

दुसऱ्या एका घरी, दुसऱ्याच पुरवठादाराचं काम बघितलं. दारं मेम्ब्रेनची, म्हणजे एमडीएफवर पीव्हीसीची फिल्म ताणून बसवलेली. नक्षी फार सुरेख निघते त्यात. पण गॅसजवळच्या दोन दारांची फिल्म उष्णतेनं कोपऱ्यात सुटली होती आणि आत वाफ शिरून एमडीएफ फुगला होता. तक्रार करायला गेले तर दुकानाला टाळं. तिसरं घर विजापूर रोडचं, मोठ्या कंपनीचं काम. खरं सांगायचं तर सफाई याच कामात सर्वांत चांगली होती. कडा एकसारख्या, ड्रॉवर लोण्यासारखे सरकणारे. त्यांची अडचण निराळी होती: एका दाराला तडा गेला, बदलून हवं होतं, तर तो रंगाचा शेड कंपनीनं बंद केलेला. नवं दार जवळपासच्या रंगाचं आलं, आणि ते एकच वेगळं दिसतं. त्या बाई कंपनीवर नाराज नव्हत्या, फोनला उत्तर नीट मिळतं म्हणाल्या. मी ते डोक्यात ठेवलं: लॅमिनेटची एक शीट जादा घेऊन ठेवायची.

यानंतरचं सगळं आमच्या खाण्यावर येऊन थांबलं. आमच्याकडं दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी. सासूबाई कडक भाकरीही करतात, त्या दिवशी तास-दीड तास त्यांचा हात परातीत असतो. आतापर्यंत त्या खाली पाटावर बसून थापायच्या. आता उभ्यानं थापायच्या, आणि त्यांची उंची पाच फुटांना टेकलेली. ओट्याची सर्रास उंची चौतीस इंच धरतात. तेवढ्या उंचीवर परात ठेवली की खांदे वर चढतात, आणि भाकरीला खालच्या दिशेनं जोर लागतो, तो लागतच नाही. भाजी चिरायला चालणारी उंची आणि थापायला लागणारी उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोरूमवाल्यांशी हे बोलले तर त्यांनी भाकरीसाठी वेगळं फोल्डिंग टेबल सुचवलं.

वर्कशॉपवाले दादा मात्र दुसऱ्या फेरीला प्लायचे तुकडे घेऊन आले. जुन्या लाकडी टेबलावर त्यांनी एकावर एक तुकडे रचले, वर परात ठेवली आणि सासूबाईंना म्हणाले, “आई, एक भाकरी थापून दाखवा.” त्यांनी खरंच पीठ मळलं. थापताना दादा बाजूनं त्यांच्या खांद्याकडं आणि कोपराकडं बघत होते. एक तुकडा काढला, पुन्हा थापायला सांगितलं. आणखी एक काढला. तीस इंचांवर त्या म्हणाल्या, “आता हात बसतोय.” दादांनी भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. म्हणून आमच्या ओट्याचा शेगडीजवळचा अडीच फुटांचा तुकडा तीस इंचांचा आहे आणि बाकीचा तेहेतीस. शेगडीही खालच्याच भागात, कारण शेगडीची स्वतःची उंची चार-पाच इंच असते आणि त्यावर तवा. ग्रॅनाइटला एक पायरी पडली, कड घासायचा खर्च थोडा वाढला. तयार मापाच्या खोक्यांत हे होत नाही. सगळी खोकी एकाच उंचीची येतात. माझ्या सासूबाईंसाठी कुणीतरी इतकं थांबून बघितलं, याचं मला फार अप्रूप वाटलं, आणि खरं तर त्यांच्याकडूनच काम करवून घेण्याचं हेच मुख्य कारण होतं.

काचेचा हॉब, म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी, न घेण्याचं कारणही भाकरीच. भाकरीचा लोखंडी तवा जड असतो, तो सारखा सरकवावा लागतो, आणि भाकरी शेवटी आचेवर फुगवायची असते. साधी शेगडी बरी.

शेंगा चटणी आमच्याकडं उखळात कुटतात. मिक्सरमध्ये तेल सुटत नाही तसं. छोटा दगडी खलबत्ता ओट्यावर ठेवूनच काम चालतं, आणि त्याचे दणके सरळ दगडावर बसतात. एकानं पातळ मोठ्या टाइलचा ओटा सुचवला होता, एकानं नॅनो व्हाइट नावाचा पांढराशुभ्र कृत्रिम दगड. टाइल कुटण्याला टिकेल अशी खात्री कुणी लिहून देईना. पांढऱ्या दगडावर हळद आणि तेलतिखट कसं दिसेल, ते सांगायची गरज नाही. काळा ग्रॅनाइट घेतला, आणि जिथं खलबत्ता येणार तिथं बरोबर खाली खोक्याची उभी बाजू येईल असं माप धरलं, म्हणजे दणका अधांतरी पडणार नाही.

ज्वारीचंही तसंच. मंगळवेढ्याकडून वर्षाची मालदांडी एकदम येते. मोठा साठा माळ्यावर, पण महिन्याची कोठी हाताशी लागते. एलचा कोपरा ही सगळ्या किचनमधली नावडती जागा. तिथं फिरत्या गोल जाळ्या बसवायला सगळे सुचवतात, आणि त्या महाग असतात. आम्ही कोपरा रुंद दाराचा, आत काहीही न करता ठेवला. त्यात चाकांच्या पाटावर कोठी. ओढली की बाहेर येते.

स्टीलबद्दल एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते, कारण दुकानादुकानात तोच प्रकार बघितला. जाळीला लोहचुंबक लावून दाखवतात, चिकटत नाही, आणि म्हणतात, “बघा, ३०४ आहे.” २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. फरक निकेलचा आहे. ३०४ मध्ये ते आठ टक्क्यांच्या आसपास असतं, २०२ मध्ये त्याहून बरंच कमी, आणि त्याची भर मँगनीजनं काढलेली असते. म्हणून ते स्वस्त पडतं आणि क्षाराच्या पाण्यात लवकर डाग धरतं. ओळखायला एक रसायन मिळतं: थेंब टाकून छोट्या बॅटरीच्या तारा लावल्या की २०२ वर लाल रंग उमटतो. ओळखीच्या भांडीवाल्याकडं ते होतं, त्यानं दोन जाळ्यांवर करून दाखवलं. ‘३०४’ म्हणून भाव लावलेली त्यातली एक लाल झाली. आम्ही भांडी निथळायची जाळी तेवढी ३०४ ची घेतली. कोरड्या डब्यांच्या ट्रॉल्यांना इतका हट्ट धरायची गरज नाही, आणि खरं तर तिथं जाळीपेक्षा सपाट तळाचे ड्रॉवरच बरे. छोट्या डब्या तिरक्या होत नाहीत.

बिजागऱ्या आणि चॅनल हेटिच, हाफले, एब्को यांपैकी काहीही चाललं असतं. महत्त्वाचं एवढंच की मॉडेल नंबर कोटेशनमध्ये लिहिलेला असावा, कारण एकाच कंपनीत हलकं-भारी दोन्ही असतं. चिमणीसाठी सहा इंची पाइप कमीत कमी वळणांनी थेट बाहेर काढला, बाकी त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

सिलिंडरचं मात्र आहे. सिलिंडर बंद खणात जाणार असेल, तर दाराला खाली, अगदी जमिनीलगत, जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. वरच्या बाजूला काढलेल्या देखण्या चिरा त्याला उपयोगाच्या नाहीत. दार पूर्ण उघडून रेग्युलेटरपर्यंत हात सरळ पोचला पाहिजे. मी दोन ठिकाणी विचारलं, जाळी कुठं देणार? एकाला प्रश्नच नवा होता. दादांनी खणाच्या तळालाही भोकं ठेवली.

राहिला व्यवहार. एका दुकानानं ‘बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील’ असं स्वतःहून सांगितलं. पैसे वाचतात, हे खरं. पण उद्या काही बिनसलं आणि ग्राहक आयोगाकडं जायची वेळ आली, तर हातात काय दाखवणार? आणि जो सरकारला बिल द्यायला तयार नाही तो मला वॉरंटी कशाच्या आधारावर देणार, हे मला पटलं नाही. आम्ही पक्क्या बिलावरच ठरवलं. आगाऊ रक्कम बहुतेक जण निम्मी मागतात आणि माल घरी यायच्या आधी जवळजवळ सगळी. दादांशी बोलून असं ठरलं: ऑर्डरला चाळीस टक्के, खोकी शेडमध्ये तयार झाल्यावर आम्ही जाऊन बघणार आणि मग पन्नास, आणि उरलेले दहा काम संपून घरात पाणी भरायचे दोन दिवस पार पडल्यावर. या शेवटच्या अटीवर ते थोडे हसले, पण लिहून दिलं. त्याच कागदावर बोर्डाचा आयएस नंबर, स्टीलचा ग्रेड, ग्रॅनाइटची जाडी, काम संपायची तारीख आणि ‘तक्रार आल्यावर आठ दिवसांत माणूस येईल’ हेही आलं.

त्यांचा आकडा सगळ्यांत कमी नव्हता. सुतार मिस्त्रींकडून केलं असतं तर बरंच स्वस्त पडलं असतं, आणि आमचे मिस्त्री हाताचे फार चांगले आहेत. देवघर त्यांनीच केलंय. पण घरात हातानं चिकटवलेली कडेची पट्टी आणि मशिननं गरम दाबून बसवलेली पट्टी यांत पाण्याच्या जागी फरक पडतो, तो आम्ही जुन्या घरांत बघितला होता. शोरूमचा आकडा दादांच्या सव्वापटीच्या पुढं होता. त्यांची सफाई मला आजही आवडते. ज्यांच्याकडं चोवीस तास पाणी आहे, ओट्याची उंची सगळ्यांना चालणारी आहे, त्यांनी तिकडं जायला हरकत नाही.

शेडमध्ये खोकी बघायला गेलो तेव्हा दादांनी न सांगता प्लायच्या शीटांवरचा ७१० चा शिक्का दाखवला, आणि खोक्यांच्या खालच्या, जमिनीकडच्या कडांनाही पट्टी लावलेली दाखवली. त्या कडा कुणाला दिसत नाहीत, म्हणून बरेच जण उघड्या सोडतात. मी हात फिरवून प्रत्येक खोकं तपासलं. दोन ठिकाणी पट्टी अर्धवट होती, ती त्यांनी तिथल्या तिथं पुन्हा लावून दिली.

काम ठरल्या तारखेच्या पुढं गेलं. ग्रॅनाइट घासणारा लगीनसराईत गावी गेला आणि ओट्याविना हॉलमध्ये स्टोव्हवर स्वयंपाक चालला. दादा रोज संध्याकाळी फोन करून खरं काय ते सांगत होते, त्यामुळे राग आला तरी टिकला नाही. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तीस इंचांच्या भागावर भाकऱ्या केल्या आणि खांदा दुखला नाही म्हणाल्या. पिंपाची जागा बरोबर बसली. पाणी आलं त्या पहाटे नळी सुटून चांगलंच सांडलं. पट्टी काढली, फरशी पुसली, पट्टी परत लावली.

दुसऱ्यांदा पाणी भरून झाल्यावर उरलेल्या दहा टक्क्यांचा चेक दिला. कुकरच्या ट्रॉलीचं एक चॅनल किंचित घासत होतं, ते त्यांनी चेक घ्यायच्या आधी स्वतः खाली बसून सारखं केलं. बिलाच्या मागं लॅमिनेटचा शेड नंबर आणि बिजागऱ्यांचे मॉडेल नंबर लिहून दिले. मागवून ठेवलेली लॅमिनेटची जादा शीट माळ्यावर सपाट ठेवायला सांगितलं, उभी ठेवली तर वाकते म्हणाले.